जिल्हा आवृत्तीचा फोटोग्राफर: विदर्भाच्या खेड्यापाड्यांत कामाची पद्धत

विदर्भातल्या जिल्हा आवृत्तीचं वर्ष ठरलेलं असतं. मृगात पेरणी, आषाढ-श्रावणात पूर, श्रावण अमावस्येला पोळा, दसरा-दिवाळीपासून कापूस, हिवाळ्यात झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्यातली नाटकं, चैत्र-वैशाखात टँकर, मोहफूल, तेंदूपत्ता आणि वाघ. विषय दरवर्षी तेच असल्यामुळे मागच्या वर्षीचा फोटो यंदाच्या बातमीला लावला तरी पान भरतं, आणि घाईत तसं होतंही. पण गावातला वाचक फसत नाही. तो बैल विकला गेलेला असतो, त्या भिंतीला नवा रंग लागलेला असतो. म्हणून प्रत्येक असाइनमेंटला एकच कसोटी लावा: या चौकटीत यंदाचं आणि याच गावचं काय आहे? उत्तर सापडल्यावरच शटर दाबा. पुढची सगळी पद्धत याच कसोटीवर बसवलेली आहे.

सकाळी निघण्याआधी

सकाळी सातपर्यंत स्वतःचा आणि दुसऱ्यांचे असे सगळे पेपर चाळून व्हायला हवेत. आपल्याला काय सुटलं हे बघाच, पण आज कुठल्या बातमीचा पुढचा भाग घडणार आहे हेही हेरा. काल तहसीलवर मोर्चा निघाला असेल, तर आज ज्या गावच्या प्रश्नावर तो निघाला त्या गावात जायला हवं. मोर्चाचा फोटो सगळ्यांकडे असतो, त्या गावच्या कोरड्या हातपंपाचा कुणाकडे नसतो.

मग तीन-चार फोन करा: ब्युरोप्रमुख, दोन तालुका प्रतिनिधी, आणि जिथे जायचं तिथला एखादा ओळखीचा माणूस. सरपंचापेक्षा किराणा दुकानदार किंवा एसटी थांब्यावरचा चहावाला जास्त कामाचा, कारण रस्त्यावर चिखल किती, नाल्यावरून पाणी जातं का आणि कार्यक्रम खरंच कधी सुरू होणार, हे त्याला नक्की माहीत असतं. पत्रिकेत अकराची वेळ असली की पाहुणे दीडला येतात. ते अडीच तास सभामंडपात घालवू नका, गावात फिरा. दुसऱ्या दिवशीचा चांगला फोटो बहुधा या अडीच तासांतच मिळतो.

दिवसाचा मार्ग उन्हाप्रमाणे आखा. शेत, बाजार आणि रस्त्यावरची कामं सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर. ऊन डोक्यावर असताना ऑफिस, दवाखाना, शाळा अशी छपराखालची कामं उरका. दुपारी बाहेर चेहरा टिपावाच लागला, तर माणसाला गोठ्याच्या दारात किंवा बाभळीच्या सावलीत उभं करा. सावली नसेल तर फ्लॅश वापरा: आयएसओ १००, एफ ११, शटर १/२००, फ्लॅशची ताकद एक पायरी कमी. पांढऱ्या टोपीखालचे डोळे नाहीतर काळ्या खड्ड्यासारखे छापले जातात.

पिशवीत काय असावं

दोन लेन्सेसवर सगळं भागतं, एक २४-७० आणि एक ७०-२००. सुरुवातीला एवढा खर्च जमत नसेल तर एक १८-१३५ आणि रात्रीसाठी ५० मिलिमीटरची एफ १.८. कॅमेऱ्यातली सोडून आणखी दोन बॅटऱ्या. ६४ जीबीची दोन कार्डं घ्या, १२८ ची एकच नको, कारण एक बिघडलं तरी दिवस वाया जात नाही. पॉवर बँक, कार्ड रीडर, डोक्याला लावायची बॅटरी, वही आणि पेन्सिल. पावसात पेनाची शाई पसरते, पेन्सिलीची अक्षरं टिकतात. पाच किलोच्या तीन-चार पारदर्शक पॉलिथिन पिशव्या आणि रबरबँडही ठेवा. पिशवीच्या तळाला लेन्सच्या तोंडाएवढं भोक पाडून ते हूडवर रबरबँडनं आवळलं की झडीतही काम चालतं.

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला इकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. गाडीच्या डिकीत ठेवलेला कॅमेरा अशा वेळी हात लावू देत नाही, आणि मिररलेस कॅमेरा व्हिडिओ घेताना मध्येच बंद पडतो. पिशवीवर ओला दुपट्टा टाकून ती सावलीत ठेवा, कॅमेरा वापरात नसताना बंद करा. स्वतःच्या डोक्यालाही दुपट्टा, आणि पाण्यात टाकायला ओआरएसची दोन पाकिटं.

पावसाळ्यात शत्रू बुरशी. घरी झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात लेन्स ठेवा. जेलचा रंग बदलला की ते कोरड्या तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं. कॅमेरा कातडी कव्हरमध्ये घालून कपाटात ठेवण्याची सवय मोडा, कारण कातडं ओल धरतं आणि बुरशी तिथूनच लेन्समध्ये उतरते.

काळ्या मातीबद्दलही सांगायला हवं. पाऊस पडून गेलेल्या पांदण रस्त्यावर मोटारसायकल घालू नका. चिकट माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये भरते, शंभर पावलांत चाक फिरायचं थांबतं. गाडी डांबरी रस्त्यावर लावून पायी जा.

कापूस: सगळ्यात जास्त छापला जाणारा, सगळ्यात जास्त चुकणारा फोटो

पांढरा कापूस चौकटभर असला की कॅमेऱ्याचं मीटर फसतं आणि कापूस राखाडी येतो. तेव्हा एक्स्पोजर +२/३ ते +१ करा. उलट बाई सावळी, ऊन तिरपं आणि कापूस तिच्या ओटीपुरताच असेल, तर मीटर चेहऱ्याकडे ओढलं जातं आणि कापसाचा नुसता पांढरा डाग होतो. तिथे -१/३ वर घ्या आणि चेहरा नंतर उजळा. जळालेला पांढरा भाग परत आणता येत नाही. हायलाइट अलर्ट चालू ठेवा आणि कापसावर लुकलुक दिसली की थांबा.

वेचणीचा फोटो सगळे सकाळी घेतात: वाकलेल्या बाया, कमरेला ओटी, मागे पऱ्हाटीच्या रांगा. हा फोटो कोणत्याही वर्षाचा असू शकतो. त्याऐवजी संध्याकाळी मोजमापाला थांबा. नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. त्याआधीच्या तासाभरात धुऱ्यावर काटा टांगला जातो, एकेकीचं गाठोडं त्याला अडकतं आणि कुणीतरी वहीत किलो लिहून घेतं. काट्याकडे लागलेले डोळे, सैल झालेले खांदे आणि वहीवरचं बोट एका चौकटीत येतात. खाली बसा, ३५ मिलिमीटरच्या आसपास राहा, एफ ५.६, शटर १/२५० च्या खाली नको, कारण गाठोडं हलत असतं. किलोला यंदा काय मजुरी ठरली ते तिथेच विचारून लिहा. फोटोखालच्या ओळीत तो आकडा आला की फोटो यंदाचा होतो.

खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग दाखवायला उंची लागते, आणि ती जिनिंगच्या, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, कार्यालयाच्या गच्चीवर किंवा उभ्या ट्रकवर मिळते. पण खरी बातमी ओलावा मोजणाऱ्या यंत्रात असते. भारतीय कापूस महामंडळ ८ ते १२ टक्के ओलाव्याचा कापूस घेतं. यंत्राची दांडी गाडीतल्या कापसात खुपसली जाते, पडद्यावर आकडा येतो आणि शेतकऱ्याचा चेहरा बदलतो. आकडा आणि चेहरा दोन्ही स्पष्ट हवेत, म्हणून एफ ८ पेक्षा मोठं छिद्र उघडू नका. शक्य असेल तर भावाचा फलकही चौकटीत घ्या. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२४-२५ साठी ७,५२१ रुपये क्विंटल होता, २०२५-२६ साठी ८,११० झाला. फलकावरचा आकडाच वर्ष सांगतो.

जिनिंगच्या आत लेन्स बदलू नका. हवेत तरंगणारी रुई सेन्सरवर बसली की पुढचे आठ दिवस आभाळात केस दिसतात. लेन्स बाहेरच ठरवून जा, दुपट्टा खोचून घ्या, पट्टे आणि रोलरपासून लांब राहा.

बोंडअळीच्या फोटोला वेगळी काळजी लागते. गुलाबी बोंडअळी हिरव्या, बंद बोंडाच्या आत असते आणि बाहेरून बोंड चांगलंच दिसतं. शेतकऱ्याला वेगवेगळ्या झाडांवरची चार-पाच बोंडं तोडून सोलायला सांगा. सोललेलं बोंड त्याच्याच तळहातावर, तुमच्या अंगाच्या सावलीत, एफ ८, १/२५०. अळीची लांबी तळहाताच्या रेषांवरून वाचकाला कळते. पाकळ्या चिकटून गुलाबाच्या कळीसारखं दिसणारं फूल, म्हणजे डोमकळी, हीही तिचीच खूण आहे. पण ओळ लिहिण्याआधी फोटो कृषी सहायकाला दाखवा. अमेरिकन बोंडअळी, ठिपक्यांची बोंडअळी आणि बोंडसड यांची नावं एकमेकांना देऊन छापली जातात, आणि त्यावर विसंबून माणूस भलतंच औषध फवारतो.

पोळा

पोळ्याचं काम आदल्या संध्याकाळीच सुरू होतं. खांदशेकणीला बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावतात आणि त्याला सांगतात, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ गोठ्यात उजेड एका बल्बचा. ५० मिलिमीटर, एफ २, आयएसओ ३२००, शटर १/१००. फ्लॅश मारू नका, बैल बिचकतो आणि हळद लावणाऱ्याचा पाय त्याच्या खुराखाली असतो.

पोळ्याच्या दिवशी दुपारी तीनलाच गावात पोहोचा. बैल रंगवले जातात तेव्हा पाठीवर काय लिहितात ते वाचा: हमीभाव, कर्जमाफी, पीकविमा. यंदाची तक्रार तिथेच लिहिलेली सापडते. तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याची चढाओढीची गाणी, सुरू झाल्या की म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे जेवढं लक्ष, तेवढंच समोरून हसणाऱ्या म्हाताऱ्यांकडे ठेवा. जमलेल्या झडतीची ओळ वहीत उतरवा.

तोरण तुटून पोळा फुटतो तो क्षण अर्ध्या मिनिटात संपतो. तोरणाच्या समोर मध्यभागी कधीही उभे राहू नका, ढोल-फटाक्यांनी बिथरलेल्या जोड्या तिथूनच सुटतात. खांबाच्या बाजूला, मागे ओटा किंवा भिंत असेल अशी जागा आधीच धरा आणि पळायची वाट बघून ठेवा. ढगाळ संध्याकाळी आयएसओ ८००, एफ ५.६, १/१००० बसतं. मानाच्या जोडीच्या मालकाचं नाव आधीच लिहून घ्या, नंतर तो सापडत नाही. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी बैल घेतलेल्या पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे गुडघ्यावर बसूनच तो टिपायचा असतो.

पूर

पुराच्या फोटोत पाणी किती हे कळलं नाही तर तो फोटो निरुपयोगी. नुसतं गढूळ पाणी टिपू नका. पुलाचा कठडा, विजेचा खांब, गावाच्या नावाचा फलक, देवळाची पायरी, असं गावाला ओळखीचं काहीतरी अर्धं बुडालेलं दिसू द्या. तीच जागा एकदा उन्हाळ्यात टिपून ठेवलेली असेल तर दोन फोटो शेजारी छापता येतात. वैनगंगेच्या काठावरच्या भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंतच्या बातमीत गोसेखुर्द धरणाच्या ३३ दरवाजांपैकी किती, किती उंच आणि किती वाजता उघडले हे ओळीत लागतंच. पाणी तासातासाला बदलतं, म्हणून प्रत्येक फोटोची वेळ लिहा.

वाहत्या पाण्यात फोटोसाठी उतरायचं नाही. पुलावरून गुडघाभर पाणी जात असेल तर खालचा रस्ता शाबूत आहे की नाही हे कुणालाच दिसत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये उमरखेड तालुक्यातल्या दहागाव नाल्यावर एसटी बस वाहून गेली, मोटारसायकलचं तर विचारायलाच नको. पाण्यात उतरून पोज द्यायला कुणाला सांगूही नका.

वाघ आणि जंगलालगतची गावं

मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल आणि मे महिन्यात तेंदूपत्ता वेचायला माणसं पहाटेच जंगलात जातात, आणि हल्ल्यांच्या बातम्याही तेव्हाच जास्त येतात. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या पट्ट्यात असा फोन आला की आधी वनपरिक्षेत्र कार्यालयाला विचारा, मग निघा. घटनास्थळी गर्दी चिडलेली असते आणि वाघ अनेकदा जवळच असतो. वनकर्मचाऱ्यांच्या पुढे जाऊ नका, लांब लेन्स वापरा, मृतदेह टिपू नका. रिकामी टोपली, सांडलेलं मोहफूल आणि बांधावर बसलेले गावकरी एवढ्यानं बातमी पूर्ण होते.

वाघाचा फोटो मिळालाच तर पाठवण्याआधी जीपीएसची माहिती काढा आणि ओळीत नाल्याचं किंवा वनकक्षाचं नाव देऊ नका. ते छापलं की दुसऱ्या दिवशी बघ्यांच्या गाड्या लागतात आणि शिकाऱ्यालाही पत्ता मिळतो. ट्रॅप कॅमेऱ्याचे फोटो वनविभागाचे असतात. ते विचारून घ्या आणि श्रेय द्या.

ज्या घरी मृत्यू झाला आहे

शेतकरी आत्महत्येच्या घरी जाताना कॅमेरा पिशवीतच राहू द्या. आधी बसा, पाणी घ्या, घरातल्या मोठ्या माणसाशी बोला. ‘काकाजी, फोटो घेतला तर चालेल का? नको असेल तर नाही घेत,’ एवढं विचारून उत्तराची वाट बघा. नकार आला तर तो नकार समजा, पुतण्याला बाजूला घेऊन पुन्हा विचारू नका. भारतीय प्रेस परिषदेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा बातमीत मृताचा फोटो, आत्महत्येची पद्धत आणि जागेचं वर्णन टाळायचं असतं. म्हणून झाड, दोरी, कीटकनाशकाचा डबा आणि मृतदेह यांतलं काहीही टिपायचं नाही. नातेवाइकांनी आधार कार्डावरचा फोटो हातात दिला तरी ही सूचना संपादकाच्या कानावर घाला, आणि बातमीसोबत टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्यायला सांगा.

मग टिपायचं काय? वावर. न निघालेलं पीक, कोरडी विहीर, अर्धवट राहिलेली डवरणी. कर्जाची कागदपत्रं दाखवायची असतील तर खाते क्रमांक फोकसबाहेर जाईल असा कोन घ्या. पोरांचे चेहरे नकोत. सरकारी मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र हे काही आठवड्यांनी ठरतं. त्या दिवशी पुन्हा त्या घरी जा. तो फोटो पहिल्या दिवसापेक्षा महत्त्वाचा असतो आणि तिथे सहसा कुणीच जात नाही.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख पटेल असं काहीही छापणं गुन्हा आहे. मूल असेल तर पॉक्सोच्या, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या, कलम २३ प्रमाणे घर, शाळा, नातेवाईक आणि मोहल्लाही त्यात आले. चेहरा धूसर करून घराचं दार स्पष्ट छापलं तर दोन हजार वस्तीच्या गावात त्या धूसरपणाला काही अर्थ उरत नाही.

सभा, नाटक, मतदान

फीत कापण्याचा फोटो लागतोच, तो दोन मिनिटांत घेऊन मोकळे व्हा. मंचावरच्या फलकाचा एक फोटो काढून ठेवा, नावांचं आणि पदांचं शुद्धलेखन त्यात मिळतं. झाडीपट्टीच्या नाटकाला देसाईगंज-वडसा भागात जाल तेव्हा एलईडीच्या प्रकाशात आडवे पट्टे येतील. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की बहुतेक पट्टे जातात.

मतदान केंद्रात जायला निवडणूक आयोगाचं प्राधिकारपत्र लागतं. जिल्हा माहिती कार्यालयाकडे त्यासाठी बरेच आधी अर्ज करा. पत्र असलं तरी मत देणाऱ्याचा, मतदान कक्षाच्या आतला फोटो चालत नाही. रांग, शाई लावलेलं बोट आणि नातवाचा हात धरून आलेली आजी यांवर काम भागवा.

पाठवणं आणि ओळ

पान किती वाजता सुटतं हे उपसंपादकाला विचारून ठेवा. डाक आवृत्तीच्या गाडीला लांब जायचं असतं म्हणून ती शहर आवृत्तीच्या आधी छापली जाते, आणि तुमच्या गावचा वाचक डाक आवृत्तीच वाचतो. मेळघाटात किंवा भामरागडकडे रेंज कुठे मिळते ते टेकाड आधी विचारून घ्या. गावातच तीन फोटो निवडा, ओळी मोबाइलच्या नोट्समध्ये लिहून तयार ठेवा आणि रेंज आली की सगळं एकदम पाठवा. तीनच पाठवा: एक दूरचा, एक मधला, एक जवळचा. तीस पाठवले तर डेस्कवरचा माणूस पहिला उचलतो.

लांब बाजू ३,००० पिक्सेल, जेपेग, एसआरजीबी. साधारण ३३ सेंटिमीटर रुंदीच्या पूर्ण पानाला २०० डीपीआयनं सुमारे २,६०० पिक्सेल लागतात, त्यामुळे एवढं पुरतं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, तो लहान होतो आणि आतली माहितीही जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. न्यूजप्रिंट शाई शोषून पसरवतो, म्हणून फोटो स्क्रीनपेक्षा गडद छापला जातो. मधल्या छटा दहा-पंधरा टक्के उजळा, काळा अगदी शून्यावर नेऊ नका. कातरणं आणि उजळणं चालतं. विजेची तार पुसणं, गर्दी वाढवणं, आभाळ बदलणं चालत नाही.

ओळीत कोण, काय, कुठे, कधी हे सगळं हवं. गावासोबत तालुका लिहाच, कारण पिंपळगाव आणि खापरी विदर्भात ठिकठिकाणी आहेत. चेहरे असतील तर ‘डावीकडून’ असा क्रम द्या. आडनावाचं शुद्धलेखन त्या माणसाकडूनच वहीत लिहून घ्या. जुना फोटो वापरावा लागला तर ‘संग्रहित’ असं ठळक छापायला सांगा.

रात्री झोपण्याआधी कार्ड दोन ठिकाणी उतरवा आणि मगच रिकामं करा. फोल्डरचं नाव तारीख-तालुका-गाव-विषय या क्रमानं ठेवा, म्हणजे पुढच्या पोळ्याला त्याच गावचा मागचा फोटो लगेच सापडतो आणि तीच चौकट पुन्हा घेणं टळतं. पगारी नोकरीत वर्तमानपत्रासाठी काढलेल्या फोटोचा प्रकाशनाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो. कार्यालयाच्या सांगण्यावरून फोटोमागे मानधन घेऊन काढलेल्या फोटोचा हक्कही, उलट करार नसेल तर, काढायला सांगणाऱ्याकडेच जातो. म्हणून कार्यालयानं पुढे केलेला कागद सही करण्याआधी पूर्ण वाचा, आणि पेट्रोलचा हिशेब त्याच दिवशी, किलोमीटरसकट लिहून द्या.